भुशातले जपानी पट

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जिच्यावरची अक्षरे तुमच्या पोलीस ठाण्यात कुणालाच वाचता येणार नाहीत? असेल तर पुढचे नीट वाचा. नसेल तरी वाचा, कारण तशी वस्तू दुसऱ्याच्या घरात सापडली तर पंचनाम्यावर सही करायला उद्या तुम्हालाच बोलावतील.

त्या प्रकरणाला बरीच वर्षे झाली. मी निवृत्त झालो, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण ते प्रकरण डोक्यातून गेले नाही, आणि जावे असे मलाही वाटत नाही. मी कुणाचे नाव घेणार नाही. नावे घेतली की वाचणारे त्या माणसांवर चिडतात आणि कामाची पद्धत अलगद सुटून जाते. माझा राग पद्धतीवर आहे.

माझे ठाणे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जंगलाला लागून होते. भोवती काटेरी तारा, फाटकाजवळ वाळूच्या पोत्यांचा आडोसा, आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती. नव्या शिपायाला इथे सगळ्यात आधी शिकवतात की बेवारस पिशवीला हात लावायचा नाही. ते बरोबरच आहे. त्या भागात मी सोबतीचे लोक गमावलेले आहेत. पण भीतीची सवय वाईट असते. पिशवीला घाबरणारा माणूस हळूहळू न समजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला घाबरू लागतो, आणि त्याच्या हाती सरकारी शिक्का असेल तर त्याच्या भीतीची किंमत दुसराच कुणीतरी चुकवतो.

केशोरीकडच्या एका गावात धानाचे व्यापारी राहत. स्वतःची शेती होती, शिवाय आसपासच्या गावांचे धान घेऊन ते गोंदियाच्या राइस मिलना पुरवत. गाव त्यांना शेठ म्हणायचे, मीही तेच म्हणतो. माणूस तिरसट. ग्रामसभेत शेठ बोलायला उभे राहिले की सरपंच पाणी मागवायचा. या शेठना एक नाद होता. ते खेळाचे जुने जपानी पट गोळा करायचे.

हा नाद गोंदियातच लागला. एका मिलमध्ये तांदूळ निवडण्याचे जपानी यंत्र बसवायला तिकडचा अभियंता आला होता. काम आटोपले की तो पोत्यांच्या थप्पीवर घडीचा पट मांडायचा आणि एकटाच दोन्ही बाजूंनी खेळायचा. ट्रक रिकामा व्हायची वाट पाहत शेठ तिथे उभे असायचे. एके दिवशी ते न विचारता समोर जाऊन बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी खेळ झाला. जाताना अभियंत्याने तो पट शेठना देऊन टाकला.

पुढे शेठनी शोध घेतला. जपानात एखाद्या घरातले आजोबा वारले की त्यांचा जड पट नातवंडांना नकोसा होतो. तो जुन्या वस्तूंच्या दुकानात जातो, आणि तिथून मधल्या माणसांमार्फत, जहाजाने, पार्सलने शेठच्या ओसरीवर येऊन पडायचा. दोन खेळांचे पट ते घ्यायचे. एक 'गो', ज्यात काळे आणि पांढरे खडे रेघांच्या छेदांवर ठेवतात. दुसरा 'शोगी', आपल्या बुद्धिबळाचा चुलतभाऊ, ज्यात पाच कोनांच्या लाकडी सोंगट्यांवर अक्षरे कोरलेली असतात. गोचा चांगला पट म्हणजे वीतभर जाडीचे एकसंध लाकूड आणि त्याला कळीसारखे कोरलेले चार आखूड पाय. पांढरे खडे शिंपल्याचे, उजेडात धरले की त्यांत केसासारख्या रेघा दिसतात. काळे खडे पाटीच्या दगडाचे. खडे ठेवायला लाकडाची दोन गोल, झाकणाची भांडी. जुन्या संचातली भांडी त्याच खड्यांच्या मापाने कातलेली असतात. हे सगळे मला तेव्हा माहीत नव्हते, पुढे माहीत झाले.

जपानच्या दमट हवेतले ते लाकूड आपल्या मे महिन्यात तडकते. शेठनी त्यावर आपल्याकडचाच उपाय काढला. बर्फाची लादी भुशात ठेवतात तसे ते उन्हाळा लागला की पट जुन्या धोतरांत गुंडाळून मागच्या खोलीत धानाच्या भुशाच्या ढिगात पुरायचे. भांडी आणि सोंगट्यांच्या पेट्याही तिथेच. मृगात सगळे बाहेर.

भुशात काहीतरी पुरताना त्यांना खिडकीतून एका खबऱ्याने पाहिले.

खबऱ्यांबद्दल दोन शब्द. त्यांच्यावाचून पोलिसांचे चालत नाही, हे मी मान्य करतो. पण खबरीवर ज्याचे घर चालते त्याला 'काही खबर नाही' असे सांगणे परवडत नाही. म्हणून खबर आली की मी आधी विचारायचो, "पाहिलंस काय आणि समजलास काय? दोन्ही वेगवेगळं सांग." या खबऱ्याने पाहिले ते इतकेच, की शेठ चौकोनी गाठोडी भुशात पुरत होते, पार्सलांवर परदेशी अक्षरे होती, आणि सालेकसाकडचा मोहफुलांचा एक व्यापारी अधूनमधून येऊन तासन्‌तास त्यांच्या घरी बसायचा. समजला ते असे, की जंगलातल्या लोकांचे, म्हणजे नक्षल्यांचे, साहित्य शेठकडे ठेवलेले आहे. तो व्यापारी शेठशी पट मांडून खेळायला यायचा, हे मला पुढे कळले. आमच्या ठाण्यात त्याला प्रश्न विचारले गेले असते. म्हणून तो आमच्याकडे न येता थेट विशेष पथकाकडे गेला.

त्या दिवशी मी साक्षीसाठी गोंदियाला न्यायालयात होतो. पथकाने माझ्या हद्दीत छापा घातला आणि मला तो परत आल्यावर कळला.

ठाण्याच्या ओसरीवर ताडपत्री अंथरली होती. तिच्यावर पट, खडे, भांडी, सोंगट्या, सगळे ओळीने मांडलेले. शेजारी घडी घातलेल्या लाल छपाईच्या पत्रकांचा एक गठ्ठा. पत्रके बंदी असलेल्या संघटनेची होती. शेठ कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. बनियनवर भुसा, चप्पल एकाच पायात. पथकाचा अधिकारी खुशीत होता. वयाने माझ्यापेक्षा लहान, नुकताच बदलून आलेला.

"सर, मोठी केस आहे," तो म्हणाला. "चिनी लिपीतले सांकेतिक तुकडे. आणि पत्रकं तर बघा, या लाकडी भांड्याच्या तळाशी, खड्यांच्या खाली दडवलेली. उद्या दुपारी पत्रकार परिषद. साहेब स्वतः येतायत."

पत्रकार परिषदेची आमच्याकडे ठरलेली तऱ्हा असते. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर मुद्देमाल, मागे अधिकारी रांगेत, आणि एका बाजूला तोंडावर काळे फडके घातलेला आरोपी. फोटो छापून आला की लोकांच्या मनात खटला तिथेच संपतो. न्यायालयाचा निकाल यायला वर्षे लागतात, आणि तो त्या फोटोइतका मोठा कधीच छापून येत नाही.

शेठवर दहशतवादविरोधी कायदा लागणार हे उघड होते. तो लागला की जामिनाची आशा सोडून द्यायची. आरोपी निर्दोष सुटला तरी तोवर त्याचा धंदा बुडालेला असतो आणि पोरांच्या सोयरिकी मोडलेल्या असतात. गुन्हा माझ्या ठाण्यात नोंदवायचा होता, म्हणजे सही माझी लागणार होती.

मी म्हणालो, "आधी माझ्यासमोर चौकशी करा."

त्याने एक सोंगटी उचलली. "ये क्या लिखा है?"

"राजा," शेठ म्हणाले.

"कुणाचा राजा?"

"खेळातला, जी."

"नीट सांग. कुणाचा राजा?"

शेठनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी कॅरम खेळता नं साहेब? तं राणीले विचारता का, तू कोनाची राणी म्हणून?"

माझा हवालदार खोकला. ते हसू होते. तो चौतीसेक वर्षे नोकरी झालेला, पोटाने मोठा आणि तोंडाने कमी असा माणूस होता.

"अन् ही खालची खोबण?" पथकाच्या अधिकाऱ्याने एक पट उलटा केला. पटाच्या पोटाला मधोमध कोरलेली चौकोनी खोबण होती. "यात काय ठेवतोस?"

"काही नाही ठेवत. खडा मांडला का आवाज चांगला यावं म्हणून असते. लाकूड फाटू नये म्हणूनही असते म्हणतेत. मले तं दोन्ही खरं वाटते. अन् तो पट असा उन्हात नोका ठेवू जी, हात जोडतो. मले ठेवा उन्हात, त्याले सावलीत घ्या."

"भुशात कशाला लपवलंस?"

"लपवलो नाही, ठेवलो. तुमी आंबे तणसात टाकता तं लपवता का?"

"आणि ही पत्रकं?"

इथे शेठचा आवाज बदलला. इतका वेळ त्यात चीड होती, आता ती गेली. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, ते माहं नाही. बाकी सारं माहं आहे. ते कागद मी इथंच ठाण्यात पहिल्यांदा पाहून राहिलो."

वर्षानुवर्षे चौकशा करून माझी एक समजूत झाली आहे. खोटे बोलणारा माणूस सगळेच नाकारतो, किंवा सगळ्यालाच काहीतरी कारण देतो. या माणसाने समोरच्या प्रत्येक वस्तूवर मालकी सांगितली आणि एकाच गठ्ठ्याला नको म्हटले. पण समजूत म्हणजे पुरावा नव्हे. माझ्या समजुतीवर मी कुणाला सोडू शकत नव्हतो, तसेच पथकाच्या समजुतीवर कुणाला आत टाकायलाही मी तयार नव्हतो.

मी ती पत्रके पाहायला घेतली. माझे वडील आमच्या तालुक्याच्या गावात सभांची पत्रके वाटायचे, भिंतींवर डकवायचे. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रके आली, अक्षरेही मी त्यांवरच शिकलो. कोणत्याही पत्रकाची मागची बाजू आधी पाहायची सवय मला तेव्हापासून आहे. या पत्रकांच्या पाठीवर वाळलेली खळ होती, आणि खळीत झाडाची साल अडकलेली होती. म्हणजे ती कुठेतरी झाडांवर डकवलेली होती आणि तिथून कुणीतरी ओरबाडून काढली होती. जंगलरस्त्यावरची अशी पत्रके आम्हीच काढून आणतो. मी पथकाच्या अधिकाऱ्याला ते दाखवले.

"वापरलेली असतील," तो म्हणाला.

त्या उत्तराला आव्हान देता येत नव्हते. शेठनी ती झाडावरून काढून आणली असे उद्या कुणीही म्हटले असते.

तेवढ्यात फाटकावर आवाज चढला. शेठची बायको डबा घेऊन आली होती आणि पहारेकऱ्याने तिला थांबवले होते.

"आत जाता येत नाही बाई."

"काऊन? मी का बॉम्ब आणलो? भाजी आणलो. तू खाऊन पाय, मेलास तं नोको सोडू."

मी तिला आत घ्यायला सांगितले. ती ओसरीवर आली, ताडपत्रीकडे पाहिले आणि पहिल्यांदा नवऱ्यालाच झापले. "घ्या. गंज वर्सं सांगून राहिलो, हे लाकडं इका अन् मोटर बसवा. आता बसा." मग नवऱ्याच्या पायाकडे तिची नजर गेली. दुसरी चप्पल तिने पिशवीतून आणली होती. ती खाली वाकून त्यांच्या पायाशी ठेवली आणि पदराने डोळे पुसले. त्यानंतर ती रडली नाही.

आता पुढचे काम मुद्देमाल सीलबंद करण्याचे. पथकाच्या अधिकाऱ्याची इच्छा होती की पत्रकारांसमोर भांडे उघडून पत्रके तळातून काढून दाखवावीत. त्याने हवालदाराला हुकूम केला, "पंचनाम्यात लिहिलंय तसंच भरा. आधी पत्रकं, वर खडे, मग झाकण."

हवालदार मांडी घालून बसला. गठ्ठा तळाशी ठेवला, पांढरे खडे ओंजळीने भरू लागला. भांडे काठापर्यंत आले तरी ताडपत्रीवर खडे उरलेच होते. ते त्याने वर शीग लावून भरले आणि झाकण ठेवले. झाकण एका बाजूला कलले. त्याने भांडे हलवले, थोपटले, पुन्हा ठेवले. दोन खडे घरंगळून ओसरीखाली गेले.

"साहेब, झाकण बसून नाही राहिलं," तो म्हणाला.

"नीट बसव."

"नीटच बसवून राहिलो जी."

पथकाचा अधिकारी स्वतः खाली बसला. त्याने गठ्ठ्याची घडी बदलली. पसरून पाहिले. तळहाताने दाबले. शेठ बाकावरून उठलेच. "दाबू नोका! शिंपलं आहे ते, फुटंन!"

त्यांची बायको मात्र शांतपणे म्हणाली, "त्या डब्यात दुसरं काही मावतच नाही, बाप्पा. दर दिवाळीले मीच पुसतो त्याले. खडे नीट नाही भरले तं नुसत्या खड्यानंही झाकण वर राहते. कागद कुठचे टाकता त्यात?"

मी हवालदाराला पत्रके बाहेर काढायला लावली. त्याने ओसरीखाली गेलेले दोन खडेही आणून पुन्हा सगळे खडे भरले, थोडे हलवून बसवले, झाकण ठेवले. ते चपखल बसले.

पंचनाम्यात स्वच्छ लिहिलेले होते की पत्रके खड्यांखाली होती आणि भांडे झाकणाने बंद होते. ज्याने कुणी ते लिहिले त्याला खोट्यावर दागिने चढवायची हौस नडली. पत्रके कपाटात सापडली असे लिहिले असते तर शेठ आज कुठे असते, कोण जाणे. पण 'दडवलेली' हा शब्द हवा होता, म्हणून त्याने सगळ्यात अवघड जागा निवडली.

मी लगेच त्या गावच्या पंचाला बोलावणे पाठवले. पंच म्हणजे झडतीच्या वेळी हजर राहणारा आणि जे दिसले तेच कागदावर आले आहे याची सहीनिशी ग्वाही देणारा तटस्थ माणूस. पुस्तकात असे असते. प्रत्यक्षात पथकाच्या जीपमध्ये आधीच बसलेला एक ठरलेला पंच असतो आणि दुसरा गावातून जो सापडेल तो. आता झडतीचे चित्रीकरण करण्याचा नियम आला आहे, तेव्हा तो नव्हता. तेव्हा सगळा भार त्या सहीवर असायचा.

गावातला पंच होता किराणा दुकानदार. शेठचा शेजारी. तो आला तो मान खाली घालूनच.

मी विचारले, "तुमच्यासमोर भांडं उघडलं का?"

"मी मंगाच्या खोलीत गेलोच नाही जी. मले आंगनातच उभं ठेवलं."

"मग सही?"

"सही केलो नं."

"काय लिहिलं होतं कागदावर?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "काहीच नोहतं जी. कोरा होता."

"कोऱ्या कागदावर सही का केली?"

"साहेबानं म्हणलं, कर. आता साहेब आपल्या दारात आला, अन् त्याच्या म्होरं आपन कागद वाचत बसाचं, चांगलं दिसते का? त्याले वाटंन, याचा आपल्यावर भरोसा नाही." मग तो शेठकडे न पाहता म्हणाला, "मले वाटलं, सादं काम असंन."

शेठ म्हणाले, "माह्याकडून उधारीत तांदळाचा कट्टा नेला तं त्याच्यावर किती किलो लिहून आहे ते दोन डाव वाचलास रे तू."

दुकानदार रडायला लागला. शेठनी तोंड फिरवले. मला त्या दुकानदाराचा राग आला नाही. पंचनामा वाचायला मागणे म्हणजे उद्धटपणा, ही समजूत त्याच्या एकट्याची नव्हती. आम्ही पोलिसांनीच ती पिढ्यान्‌पिढ्या गावागावांत पेरली आहे, कारण तिच्यामुळे आमचे काम लवकर होते.

मी त्याचा जबाब घेतला. वाचून दाखवला. "आता हा कागद तुम्ही हातात घ्या आणि स्वतः वाचा," असे सांगितले. त्याने बोट ठेवून ठेवून वाचला, मग सही केली. त्यानंतर मी स्टेशन डायरीत नोंद घातली की पंचनाम्यात वर्णन केल्याप्रमाणे वस्तू त्या भांड्यात मावत नाहीत, प्रात्यक्षिक करून पाहिले, आणि गावातील पंचाने कोऱ्या कागदावर सही केल्याचे सांगितले आहे. सबब गुन्हा नोंदवण्यास आधार नाही.

पथकाचा अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, एवढी घाई कशाला? साहेबांशी बोलून घेऊ. माणूस संशयित तर आहेच."

"कशावरून?"

"ते चिनी..."

"जपानी आहे. आणि तुला वाचता येत नाही हा त्याचा गुन्हा कसा?"

"तुम्ही नक्षल्यांची बाजू घेताय, असं लोक म्हणतील."

हे वाक्य आमच्या भागात पिस्तुलासारखे रोखतात. भले भले त्याच्यापुढे गप्प होतात. मी त्याला म्हणालो, "त्यांच्या गोळीला बळी पडलेल्या माझ्या शिपायाला मी खांदा दिलेला आहे. म्हणून सांगतो. जंगलातले लोक गावात काय सांगत फिरतात? की हे सरकार गरिबावर खोट्या केसेस करतं. तुझा हा पंचनामा त्यांचं पत्रक आहे. फरक एवढाच की छपाई आपल्या खर्चाने."

दुसऱ्या दिवशी सकाळीच वरिष्ठ साहेब आले. चोवीस तासांच्या आत शेठना न्यायालयासमोर न्यावे लागणार होते किंवा सोडावे लागणार होते. साहेबांनी डायरी वाचली. चेहरा कोरा ठेवून ते म्हणाले, "दाखवा."

हवालदाराने पुन्हा गठ्ठा ठेवला, पुन्हा खडे भरले. साहेबांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि झाकण स्वतः हातात घेतले. दोन वेळा प्रयत्न केला. मग पत्रके काढायला सांगून तिसऱ्यांदा. झाकण बसले.

"ही नोंद मला विचारून का केली नाही?"

"नोंद करायला परवानगी लागत नाही, साहेब."

"पान बदलता येईल?"

"पानांना नंबर आहेत. आणि बदलता आलं असतं तरी मी बदललं नसतं."

"पत्रकारांना बोलावलंय मी."

"येऊ द्या. त्यांना खरं काय ते सांगू."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून दाब असायचा, केसेस दाखवा, केसेस दाखवा. पण दाबाखाली कोण काय करतो यावरूनच माणूस ओळखायचा असतो, नाहीतर सुट्टीच्या दिवशी सगळेच न्यायी असतात. त्यांनी खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर चढवली. मग पथकाच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "गाडी काढा," आणि मला म्हणाले, "तुमचं बघतो मी."

पत्रकार परिषद रद्द झाली. शेठना दुपारच्या आधी सोडले. पत्रके आमच्याच एका जुन्या प्रकरणातली होती हे पुढे विभागीय चौकशीत निघाले. पथकाच्या अधिकाऱ्याची एक वेतनवाढ थांबली. माझी नियंत्रण कक्षात बदली झाली. तिथे मी फोन उचलायचो. मला शिक्षा झाली असे ज्यांना वाटले त्यांना वाटू द्या. मी तो बदलीचा हुकूम चहा घेत घेत वाचला आणि त्याच दिवशी रुजू झालो.

सामान परत नेताना शेठनी माझे आभार मानले नाहीत. ते मला फार आवडले. त्यांनी ओसरीवर बसून एकेक खडा उजेडात धरून पाहिला, सोंगट्या तपासल्या. एका पटाच्या कडेला उन्हात ठेवल्याने बारीक तडा गेला होता. त्यावर त्यांनी बोट ठेवले.

"हे पावतीत लिहा साहेब."

"काय लिहू?"

"का पट चांगला नेला, अन् फाटलेला वापस केला. सरकारनं फाडला."

माझ्या हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लिही. ते सांगतात तसंच लिही." शेठनी पावती अथपासून इतिपर्यंत वाचली, एक शब्द बदलून मागितला, तो बदलल्यावर सही केली. त्यांच्या बायकोनेही कागद हातात घेऊन वाचला. मग दोघे पट धोतरात गुंडाळून ट्रॅक्टरवर बसून गेले.

या प्रकरणाने मला काय शिकवले असे कुणी विचारले तर मी कायद्याचे कलम सांगत नाही. खोटी केस करायला फार दुष्ट माणसे लागत नाहीत, एवढे मी शिकलो. एक खबर विकणारा, एक घाईत असलेला अधिकारी, एक फोटो हवा असलेला वरिष्ठ आणि एक भिडस्त शेजारी एवढ्यांवर भागते. यांतल्या पहिल्या तिघांना मी आयुष्यभर सुधारू शकलो नाही. चौथ्याशी मात्र आज थेट बोलतो आहे, कारण तो चौथा तुम्ही आहात.

म्हणून हे करा. उद्या पोलीस तुम्हाला पंच म्हणून बोलावतील तेव्हा जरूर जा, टाळू नका. अंगणात थांबू नका, जिथे झडती चालू आहे त्या खोलीत उभे राहा. कागद समोर आला की हातात घ्या आणि वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा म्हणा. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते त्यात असेल तर काढायला लावा. कागद कोरा असेल तर पेन परत द्या. अधिकारी रागावेल, रागावू द्या. मी त्याच खुर्चीवर बसलेला माणूस आहे, मला ठाऊक आहे, तो राग संध्याकाळपर्यंत उतरतो. तुमच्या शेजाऱ्याला मात्र त्या संध्याकाळी घरी जायचे असते.